तळघरातलं कुर्डुवाडी जंक्शन

जुळे सोलापुरातल्या एका बंगल्याच्या तळघरात एच.ओ. स्केलची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या मापाची, कायमस्वरूपी मॉडेल रेल्वे उभी राहिली, तिची ही नोंद. मालक बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून इथंही अण्णाच. माझं काम एम.आय.डी.सी.त इलेक्ट्रिकल पॅनेल बनवण्याचं. पॉवरलूमच्या मोटारी, स्टार्टर, केबल यांत दिवस जातो आणि उरलेला वेळ छोट्या रेल्वेत. अण्णांनी मला बोलावलं ते फक्त वायरिंग बघायला. पण वायरिंगचा विषय निघायला बरेच महिने गेले, कारण आधी तळघराचाच निकाल लावायचा होता.

या छंदातले लोक इंजिन, डिकोडर, खडीचा रंग यांवर रात्र जागवतील, पण खोलीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. या प्रकरणात मात्र जवळजवळ प्रत्येक मोठा निर्णय एकाच प्रश्नापाशी येऊन अडला: इथं हात पोचतो का? भिंतीपर्यंत, रुळापर्यंत, वायरच्या जोडापर्यंत. हा प्रश्न न विचारता जे काही केलं, ते उखडून पुन्हा करावं लागलं.

काय बांधायचं होतं

अण्णांचं बालपण कुर्डुवाडीचं. त्यांना हवं होतं ते १९८० च्या आसपासचं कुर्डुवाडी: ब्रॉडगेजवर डब्ल्यूडीएम-२ डिझेल लावलेली मद्रास मेल, आणि पलीकडच्या अंगाला बार्शी लाईटची नॅरोगेज गाडी. विजेचे खांब नाहीत, तारा नाहीत. ब्रॉडगेजही एकेरीच; भिगवण ते मोहोळ हा टप्पा अगदी अलीकडेपर्यंत एकेरी होता. मॉडेलवाल्याला ही एकेरी लाईन म्हणजे पर्वणी. समोरून गाडी येईपर्यंत एक गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबवायची, मग सोडायची, यात खेळायला काहीतरी उरतं. दुहेरी लाईनीवर दोन गाड्या नुसत्या गोल फिरत राहतात.

मूळ रेल्वेबद्दल दोन शब्द, कारण मापं तिथूनच आली. जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. बार्शी गाव लाईनीपासून आत राहिलं होतं. ते अंतर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये अडीच फुटी गेजनं जोडलं. एका ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग हलका रूळ पुरतो आणि डबे मात्र ऐसपैस ठेवता येतात, हा त्याचा हिशोब. म्हणूनच किटसन कंपनीकडून आलेली सुरुवातीची इंजिनं एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची होती. भार जास्त चाकांवर वाटायचा. लाईन पुढं १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये ती सरकारनं घेतली, आणि आता सगळी ब्रॉडगेज झाली आहे. (याच कॅलथ्रॉपनं पुढं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. त्याचा रुळांशी संबंध नाही, पण अण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगतातच.)

एच.ओ. म्हणजे १:८७. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये १९.२ मिमी यायला हवं. बाजारात मिळतो तो एच.ओ. रूळ १६.५ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या परदेशी गेजवरून काढलेला. उलट नॅरोगेजचे ७६२ मिमी म्हणजे ८.८ मिमी, आणि एन गेजचा तयार रूळ ९ मिमीचा असतो. म्हणजे अण्णांच्या कुर्डुवाडीत छोटी लाईन जवळजवळ बिनचूक आणि मोठी लाईन अंगानं सडपातळ. काही हौशी लोक हातानं खऱ्या मापाचा रूळ घडवतात, चाकंही बदलतात. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि तयार रूळ मागवला. मला ते पटलं. हातानं पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, घडवायला घेतले असते तर पहिली गाडी नातवाच्या लग्नात धावली असती.

लांबीचं गणित जास्त कडक आहे. आय.सी.एफ. (इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा बफरसकट २२.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २५६ मिमी. चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरच्या वर जाते. तळघर लांबीला २४ फूट, म्हणजे ७.३ मीटर. तेव्हा मद्रास मेल आठ डब्यांची ठरली. इंजिनासकट सव्वादोन मीटर. लूप आणि यार्ड अडीच-पावणेतीन मीटर मिळाले की भागलं. वळणाची त्रिज्या सर्वात लांब डब्याच्या तिप्पट असावी असा एक ठोकताळा आहे. त्या हिशोबानं पाऊण मीटरच्या वर, म्हणून आम्ही ८०० मिमी धरली. पेटीतल्या तयार सेटमध्ये येणारी ४५० मिमीची वळणं लहान चारचाकी वाघिण्यांना चालतात. लांब डबे त्यावर कोपरे बाहेर काढून वळतात, आणि बघणाऱ्याचा सगळा मूड जातो.

तळघर

२४ बाय १४ फूट, उंची सव्वाआठ फूट. अण्णांच्या वडिलांचे काही माग होते, तेव्हा हे चादरींचं गोडाऊन होतं. माग गेले, गठ्ठे गेले, तूस मात्र राहिलं. स्लॅबच्या कोपऱ्यांत, बीमच्या कडेवर, जुन्या मांडण्यांच्या फटींत कापसाचं तूस बसलेलं. अण्णांनी हौसेनं जमिनीवर थोडा रूळ टाकून एक इंजिन आधीच पळवलं होतं आणि ते आता अडखळत होतं. मी ते उलटं करून खालचं झाकण काढलं. ॲक्सलवर, गिअरच्या दोन्ही अंगांना, तेलात भिजलेल्या तुसाची करडी वडी बसली होती. केसाएवढा एक धागा ॲक्सलला इतक्यांदा गुंडाळला गेला होता की चिमट्यानं ओढला तर चाकच फिरायला लागलं. शेवटी ब्लेडच्या टोकानं कापून काढला. मागाच्या मोटारीत तूस अडकलं तर बेअरिंग तापल्याचा वास येतो आणि कामगार मशिन बंद करतो. या मोटारीला तेवढाही वास नाही, ती गपचूप जळते.

म्हणून पहिलं काम सफाई. मोठा व्हॅक्यूम, मग छताला आणि भिंतींना इमल्शन, जमिनीला टाइल. सिमेंटची उघडी जमीन चालताना कायम बारीक धूळ सोडते, आणि ती धूळ रुळावर जाते.

दुसरं काम जास्त अवघड होतं. उत्तरेच्या भिंतीला जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा क्षार, लागला होता. पांढरी भुकटी, तिच्यामागं रंगाचे पोपडे.

"पावसाळ्याची ओल आहे," अण्णा म्हणाले. "मिस्त्री वॉटरप्रूफ रंग मारून देतो म्हणालाय."

पण सोलापुरात पाऊस पडतो तो किती, आणि आम्ही हे बघत होतो मार्च महिन्यात. त्या भिंतीपलीकडं, पार्किंगच्या फरशीखाली, जमिनीतली पाण्याची टाकी आहे. आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं घराचा पाया नंतर खणतील पण टाकी आधी खणतील. मला संशय टाकीचा होता. संशयावर पंधरा हजारांचा रंग मारायचा नसतो, म्हणून साधी तपासणी केली. दोन फूट चौरस जाड प्लास्टिक उत्तरेच्या भिंतीवर चारही कडांनी रुंद टेपनं चिकटवलं, तसंच एक दक्षिणेच्या भिंतीवर. हवेतली वाफ गार भिंतीवर जमत असेल तर थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या अंगाला दिसतात. भिंतीतून पाणी येत असेल तर थेंब प्लास्टिकच्या मागं, भिंतीकडं. शिवाय ओल जिथपर्यंत चढली तिथं पेन्सिलनं रेघ आणि तारीख, आणि नळ आला तो दिवस वहिनींच्या, म्हणजे अण्णांच्या पत्नीच्या, कॅलेंडरवर खूण.

दक्षिणेचं प्लास्टिक कोरडं. उत्तरेच्या प्लास्टिकमागं धुकं, मग थेंब. पेन्सिलच्या रेघा पाणी आल्यानंतर वर सरकत आणि टाकी उपसत जाईल तशा खाली येत. पावसाचा काही संबंध नव्हता.

मग आतून रंग मारण्यात अर्थ नाही. पाणी मागून ढकलतं, रंग पुढून धरतो, आणि वर्षभरात पाणीच जिंकतं. टाकी रिकामी केली, चार-पाच दिवस टँकरचं पाणी वापरलं. टाकीचं आतलं प्लॅस्टर खरवडून, कोपऱ्यांत गोलाई भरून पॉलिमर-सिमेंटचे हात दिले, ते सुकू दिले, टाकी पुन्हा भरून बघितली. तळघराच्या बाजूचं लोणा लागलेलं प्लॅस्टर चार फुटांपर्यंत काढून टाकलं आणि भिंत तशीच उघडी ठेवली. अण्णांना ती उघडी वीट डोळ्यांसमोर नको होती. पण वर्षानुवर्षं पाणी प्यायलेली भिंत महिन्यात सुकत नाही. लगेच पुन्हा प्लॅस्टर केलं असतं तर आतला क्षार त्यालाही लागला असता.

उत्तरेची भिंत आणि मांडणी

इथं अण्णांचं आणि माझं पहिलं खरं भांडण झालं. त्यांच्या आराखड्यात रूळ चारही भिंतींना चिकटून होते, खाली-वर दोन मजले, आणि कोपऱ्यात मजले जोडणारी हेलिक्स, म्हणजे गोल गोल चढत जाणारा रूळ. कागदावर देखणं. ८०० मिमी त्रिज्येच्या हेलिक्सचा एक फेरा पाच मीटरचा. दोन टक्के चढ धरला तर एका फेऱ्यात दहा सेंटिमीटर उंची. चाळीस सेंटिमीटर वर जायला चार फेरे, म्हणजे वीस मीटर रूळ, जो कोणाला दिसत नाही आणि ज्यात गाडी अडकली तर खालून रांगत आत शिरावं लागतं. आणि कोपऱ्यातली साडेपाच फूट चौरस जागा गेली ती गेलीच.

"अहो, पण बोर घाटात एकास सदतीसचा चढ होताच की," अण्णा म्हणाले.

"होता. आणि घाटात मागून ढकलायला बँकर इंजिनं लागायची. तुमच्याकडं इंजिनं किती, दोन?"

हेलिक्स गेली. उत्तरेच्या भिंतीवरून मात्र ते हटेनात, कारण ती सर्वात लांब अखंड भिंत; स्टेशन तिथंच शोभलं असतं. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्या भिंतीवर अजून भरवसा नाही, तिच्यापुढं कायमचं काही उभं करायचं नाही. भिंत आणि टेबल यांत दोन फुटांची वाट सोडायची, माणूस आत जाऊन भिंतीला हात लावू शकला पाहिजे. चौदा फुटांतले दोन फूट गेले म्हणून अण्णा दोन आठवडे माझ्याशी नीट बोलले नाहीत.

कोंडी त्यांनीच फोडली. प्रत्येक चांगल्या मांडणीला एक छुपं यार्ड लागतं. कुर्डुवाडीतून पुण्याकडं किंवा सोलापूरकडं गेलेली गाडी जिथं जाऊन उभी राहते, आणि पुढच्या वेळी दुसरी गाडी म्हणून परत येते. हे यार्ड बहुतेक जण डोंगराखाली, स्टेशनाखाली दडवतात आणि मग तिथं डबा घसरला की बसतात डोकं धरून. अण्णा म्हणाले, "तुझी ती दोन फुटांची बोळ वायाच जाणार ना? मग यार्ड बोळीच्या बाजूला घेऊ. मध्ये पडदा, पुढं देखावा, मागं यार्ड. मी बोळीत उभा राहून गाड्या लावतो."

या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय हाच, आणि तो माझा नाही. उत्तरेचं टेबल ८५० मिमी रुंद झालं. मधून उभा पडदा, त्यावर माळरानाचं आणि आभाळाचं चित्र. खोलीच्या बाजूला ४०० मिमीत नॅरोगेजचा बार्शीकडं जाणारा तुकडा, बोळीच्या बाजूला यार्डाच्या पाच लाईनी, ६० मिमी अंतरानं, उघड्या, हाताच्या अंतरावर. दक्षिणेला ७५० मिमी रुंद टेबलावर स्टेशन. पश्चिमेच्या भिंतीनं वळण, पूर्वेला जिन्याच्या पायथ्याशी उघडझाप होणारं फाटक, आणि मध्ये पावणेसात फुटांचा मोकळा चौक. एकच मजला. उंची ११०० मिमी: अण्णांना वाकावं लागत नाही, नातवाला स्टूल लागतं.

ओल परत आली तर? बोळीत उभं राहून भिंत पुन्हा खरवडता येते, एकही रूळ न हलवता.

ज्वारी

वहिनींचा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा होता. "कुर्डुवाडी-बिर्डुवाडी काय करायचं ते करा, आधी माझी ज्वारी कुठं जाणार ते सांगा." वर्षाची मालदांडी आणि गहू या तळघरातच असत. टेबलाखाली पिंपं ठेवायची हा सगळ्यांना सोयीचा वाटणारा तोडगा होता. मी विरोध केला, कारण धान्यामागं उंदीर येतो आणि उंदराला वायरचं प्लास्टिक आवडतं. शेवटी जिन्याखालच्या जागेला जाळीचं दार लावून तिथं धान्य गेलं आणि टेबलाखालची जागा रिकामी राहिली. वहिनी अजून म्हणतात की हा सौदा एकतर्फी झाला. त्यांचं बरोबर आहे.

लाकूड, लोखंड आणि दसरा

सुतार मिस्त्री उत्तम काम करणारा, पण त्याच्या डोक्यात मॉड्युलर किचन. अठरा मिमी प्लाय, वरून लॅमिनेट, भिंतीला पक्कं ठोकलेलं. त्याला समजावून सांगावं लागलं की वरचा भाग सपाट नको, रुळाखाली तेवढी पट्टी हवी आणि बाकी उघडं. नाला, रस्ता, शेत हे रुळाच्या पातळीखाली जायला हवं. पायांना लोखंड घेतलं, २५ मिमी स्क्वेअर पाईप, तळाला लेव्हलिंग बोल्ट. तळघरात लाकडी पाय जमिनीला टेकवणं म्हणजे वाळवीला जिना बांधून देण्यासारखं.

टेबलाचे सुटे भाग पाडले आणि नट-बोल्टनं जोडले. कुठलाही भाग सहा फुटांपेक्षा लांब नाही, कारण जिना तीन फुटी आणि मध्ये वळण. मिस्त्रीनं विचारलं, "कायमचंच करायचंय तर मग सुटं कशाला?" घर पुढंमागं मुलाकडं जाईल, किंवा टाकी पुन्हा फोडावी लागेल, किंवा अण्णा घर बदलतील. भिंतीला ठोकलेली रेल्वे यातल्या कुठल्याही दिवशी करवतीनं कापावी लागते. रुळांनाही प्रत्येक जोडावर आरपार फट आहे आणि खाली वायरला प्लग.

आता दसरा. अण्णांना रूळ टाकायची सुरुवात दसऱ्याला करायची होती. खंडेनवमीला मागांची पूजा करणाऱ्या घरातला माणूस, त्याला दुसरा मुहूर्त सुचणार तरी कसा. पण सोलापुरात रूळ टाकायला याहून वाईट वेळ नाही. सप्टेंबरात आपल्याकडं बऱ्यापैकी पाऊस होतो, हवेत दमटपणा असतो, लाकूड फुगलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये हवा खडखडीत कोरडी, लाकूड आक्रसतं, आणि त्याच वेळी उन्हाळ्यानं रूळ लांबतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकमेकांच्या विरुद्ध. यात रुळाचा वाटा लहान असतो: निकेल सिल्व्हरचा पाच मीटर रूळ दहा अंश तापला तर जेमतेम ०.८ मिमी वाढतो. घात करतं ते लाकूड.

पूजा दसऱ्याला झाली, सांगाड्याची. रूळ फेब्रुवारीपासून टाकायचे ठरले. फक्त दिवाळीला मुलगा-सून येणार म्हणून अण्णांनी पश्चिमेच्या टोकाला दोन मीटरचा तुकडा स्वतःच टाकला, आणि त्याखाली प्लायऐवजी गोडाऊनच्या जुन्या मांडण्यांच्या फळ्या वापरल्या, कडेला कड चिकटवून, रुळाला आडव्या. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. आणि इथं रूळ नेमका फळ्यांच्या रुंदीवरून जात होता. एप्रिलात तो तुकडा मधोमध बाजूला झुकला, आणि दोन स्लीपरचे खिळे उपटून वर आले. डोळा रुळाच्या पातळीला आणून पाहिलं तर वाक बोटभर लांबीत होता, पण इंजिन तिथं प्रत्येक वेळी घसरायचं. फळ्या काढून बारा मिमी प्लायची पट्टी टाकली. प्लायमध्ये थर उभे-आडवे असतात, एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. वर कॉर्क, मग रूळ. बाकीचा सगळा रूळ मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत टाकला, जोडांत अगदी बारीक फट ठेवून, आणि सलग दोन जोड कधीच सोल्डर केले नाहीत.

वायरिंग

माझा प्रांत, म्हणून थोडं सविस्तर.

गाड्या डी.सी.सी.वर (डिजिटल कमांड कंट्रोल) आहेत: रुळावर कायम पंधराएक व्होल्ट, त्यातूनच संदेश, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात तो संदेश वाचणारा डिकोडर. रुळाला वीज पुरवायला पाच अँपिअरचा बूस्टर. पाच अँपिअर ऐकायला किरकोळ वाटतं, पण पंधरा व्होल्टला ते ७५ वॅट होतात, आणि हे सगळे वॅट एका घसरलेल्या चाकाच्या टोकावर उतरले तर प्लास्टिक वितळतं. बूस्टरनं क्षणात बंद पडायला हवं. तो बंद कधी पडेल? शॉर्ट झाल्यावर पुरेसा करंट वाहिला तरच. वायर बारीक असेल, जोड सैल असतील, तर शॉर्ट होऊनही करंट मर्यादेखाली राहतो आणि बूस्टरला वाटतं चार गाड्या धावताहेत.

म्हणून टेबलाखालून सगळीकडं २.५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड जोडी, आणि प्रत्येक ९०० मिमी रुळाला स्वतःचा ०.७५ चा छोटा ड्रॉपर, म्हणजे त्या जोडीपासून रुळापर्यंत जाणारी वायर, रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर केलेला. जोडपट्ट्यांवर विसंबायचं नाही; त्या आज करंट देतात, दोन उन्हाळ्यांनी देत नाहीत. बूस्टरपासून दहा मीटरवर पाच अँपिअर नेले तर २.५ च्या जोडीत पाऊण व्होल्टच्या आसपास पडतो. सगळी लाईन ०.७५ नं ओढली असती तर अडीच व्होल्ट गेले असते. अण्णांचा आग्रह होता की लाल-काळी वायर घ्यावी, सगळे तीच वापरतात. मी नाही म्हटलं. आपल्याकडं घराच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल. उद्या मी नसताना दुसरा वायरमन टेबलाखाली शिरला तर त्याला क्षणभरही शंका यायला नको. पांढरी आणि नारिंगी घेतली. २३० व्होल्टची एकही वायर टेबलाखाली नाही. सॉकेट भिंतीवर चार फूट उंचीला, तळघराला स्वतंत्र लाईन आणि वीजगळती झाली की लाईन तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आर.सी.सी.बी.

वायरिंग झाल्यावर दहा रुपयांचं नाणं घेऊन आम्ही सगळ्या मांडणीवर फिरलो. नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. बूस्टर लगेच बंद पडला पाहिजे. स्टेशनात प्रत्येक ठिकाणी टक्, टक्. यार्डाच्या तिसऱ्या लाईनीच्या टोकाला मात्र नाणं ठेवलं आणि काहीच झालं नाही. बारीक चर्र आवाज, आणि नाण्याखाली एक निळसर ठिणगी. उचललं तर कोमट. खाली पाहिलं तर तिथला ड्रॉपर सोल्डर न करता पीळ देऊन टेप गुंडाळलेला. वायरमनच्या पोराला घरी जायची घाई झाली असावी. जोड नीट केल्यावर तिथंही टक्. हे यार्ड स्टेशनच्या पोटात दडवलेलं असतं तर तो पीळ शोधायला टॉर्च तोंडात धरून उताणं झोपावं लागलं असतं.

नॅरोगेजचा विभाग वेगळा ठेवला. खऱ्या कुर्डुवाडीतही दोन्ही गेजमध्ये मालाची अदलाबदल हमालांच्या पाठीवरूनच व्हायची, तेव्हा दोन्हीची वीज तरी कशाला जोडायची.

पूर्वेचं फाटक ॲल्युमिनिअमच्या खिडकीच्या सेक्शनचं, बिजागरीवर. दोन पितळी टॉवर बोल्ट ते जाग्यावर धरतात आणि त्यांतूनच रुळाला वीज जाते. फाटक उघडं असेल तर दोन्हीकडचा एकेक मीटर रूळ मेलेला राहावा म्हणून पॅनेलमध्ये वापरतो तोच लिमिट स्विच लावला. नातवानं पहिल्याच दिवशी फाटक उघडून मद्रास मेल सोडली. ती कड्यापासून हातभर अलीकडं थांबली.

आजची स्थिती

दोन पावसाळे झाले. उत्तरेच्या भिंतीवर क्षाराची नवी भुकटी जमिनीलगत वीतभर आहे, त्यावर गेली नाही. अण्णा महिन्यातून एकदा ब्रशनं झाडतात आणि पेन्सिलची रेघ मारतात. दमट दिवसांत झरोके बंद, कोरड्या दिवसांत पंखा लावून उघडे. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले जातात. इंजिनांची झाकणं उघडली तर अजून कधीमधी एखादा धागा निघतो. तीस वर्षांचं तूस एका व्हॅक्यूमनं जात नाही.

खर्चाची वही अण्णांनी दाखवली. टाकी, टाइल, रंग, लोखंड, वायर यांची बेरीज रूळ आणि इंजिनांच्या बेरजेच्या फार मागं नव्हती. यातलं काहीच पाहुण्यांना दिसत नाही, आणि अण्णांना त्याचं अजून थोडं वाईट वाटतं.

फाटकाचं काम पुरतं मिटलेलं नाही. मेमध्ये एका अंगाला केसभर खाली बसतं, सप्टेंबरात वर. टॉवर बोल्टची पट्टी लंबगोल भोकांवर बसवली आहे, त्यामुळं पेचकस घेऊन पाच मिनिटांत जुळतं, पण वर्षातून दोनदा जुळवावं लागतं. पट्टीऐवजी स्टीलच्या खुंट्या आणि पितळी बुश लावायचा विचार आहे. बुश लेथवर कातून देणारा माणूस अक्कलकोट रोडला मिळाला आहे. अण्णांना यार्डात सहावी लाईन हवी आहे. टेबलाची कड आणि पाचवी लाईन यांत ४० मिमी उरतात आणि लाईनीला ६० लागतात. तरी त्यांनी दोन पॉइंट मागवून ठेवले आहेत.